खानाचे ओलीस

“पण त्या मुलांना आवडायचं का, खानाकडे राहायला?” कांदा चिरता चिरता साराने विचारलं.

“न आवडायला काय झालं?” गिरीश म्हणाले. “खानाच्या पंगतीला जेवण, खानाच्या कळपातला घोडा. साध्या केशिगचा मानसुद्धा बाहेरच्या हजारी सरदाराहून मोठा.”

केशिग म्हणजे मंगोल खानाच्या खास तुकडीतला शिपाई. या तुकडीत सरदारांचे मुलगे घेतले जायचे. बापाला वाटायचं, काय हा सन्मान. खानाचे आभार मानत तो आपल्या कुरणावर परत जायचा.

“आणि पुढे बापाच्या डोक्यात बंडाचं वारं शिरलं, तर...”

“तर मुलगा खानाच्या हातात,” साराने वाक्य पूर्ण केलं. “ओलीस.”

गिरीश खूश झाले. इथे जन्मलेली पोर, पण शब्द कसा बरोबर हजर. भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी उभं आयुष्य वॉटफर्डच्या लोकांना झोपवण्यात घालवलं होतं आणि निवृत्त झाल्यावर ते मंगोलांच्या नादी लागले होते. मराठी मंडळात त्यांनी या विषयावर एकदा व्याख्यान दिलं, तेव्हाही निम्मं सभागृह झोपलं. सारा मात्र ऐकायची. तिचा युनिव्हर्सिटीचा निबंधच केशिगवर होता. आजोबांनी हे सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं तरी तिला कंटाळा येत नसे.

ती या घरात आली त्याला कारण होतं, आणि ते फक्त गिरीशना माहीत होतं.

त्यांची बायको यमुना गेली आणि लगेचच मुलाला, क्षितिजला, ऑस्ट्रेलियातून नोकरीचं बोलावणं आलं. पर्थला, मोठ्या हुद्द्यावर. गिरीश तोंडाने “अवश्य जा” म्हणाले आणि आतून हबकले. रिकाम्या घरात एकट्याने म्हातारं व्हायचं, या कल्पनेचीच त्यांना भीती वाटत होती. मग त्यांना केशिग आठवले.

“साराला माझ्याकडे राहू दे,” ते मुलाला म्हणाले होते. “इथून ट्रेनने लंडन काय लांब आहे? युनिव्हर्सिटीच्या हॉलमध्ये राहून मुलं पास्ता खाऊन दिवस काढतात.”

एकुलती एक लेक वॉटफर्डला ठेवून कुठला बाप पर्थला जाईल? क्षितिज इंग्लंडातच, लेस्टरला राहिला. रविवार आला की तो आणि त्याची बायको देविका गाडी काढून इकडे यायचे. खानाचा डाव फत्ते झाला होता.

ओलीसही गुणी निघाली. वरची मोठी खोली सोडून ती खाली, पुढच्या दाराला लागून असलेल्या खोलीत झोपायची. तिथे वायफाय चांगलं येतं म्हणे. मराठी वाचायची सवय व्हावी म्हणून तिने स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ठळक अक्षरांत नावं लिहून चिकटवली होती. चहा करताना ती गिरीशच्या शेजारी येऊन उभी राहायची आणि गप्पा मारायची. हल्लीची मुलं घरच्यांशी बोलत नाहीत असं म्हणणाऱ्यांची गिरीशना कीव यायची.

बेल वाजली. देविकाने आत येताच लेकीला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मग ती सासऱ्यांकडे वळली.

“कसे आहात बाबा? आणि खरंच, थँक यू. सारा इथे आहे, म्हणून आम्हाला रात्री शांत झोप लागते.”

“अगं, त्यात आभार कसले,” गिरीश म्हणाले. त्यांना ते आभार टोचले.

जेवायला मटारभात, टोमॅटोची कोशिंबीर आणि देविकाने आणलेलं श्रीखंड होतं. क्षितिजने न विचारता त्यांच्या भातावर तूप सोडलं. गिरीशनी मुलाकडे पाहिलं. कानशिलांवरचे केस चांगलेच पिकले होते. या मुलाने केवढी संधी सोडली आणि एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. सुनेने कधी तोंड वाकडं केलं नाही. नात तर म्हाताऱ्याची बडबड हौसेने ऐकते. उपकार या तिघांनी केले आणि आभार मात्र आपण घेत बसलो.

त्यांनी चमचा खाली ठेवला.

“मला थोडं बोलायचंय. क्षितिज, साराला मी तिच्या सोयीसाठी इथे ठेवलं नाही. तू पर्थला जाऊ नयेस, म्हणून ठेवलं. तुम्ही मला कधी एकटं पडू दिलं नाहीत, त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. पण आता पुरे. सारा, तू मोकळी. मैत्रिणींबरोबर राहा, मजा कर. आणि क्षितिज, तू त्या लोकांना हो म्हणून टाक.”

क्षितिज चिडेल, असं त्यांना वाटलं होतं. निदान देविका काहीतरी लागट बोलेल. पण देविका उठून पाणी आणायला गेली. क्षितिजने त्यांच्या हातावर हात ठेवला.

“थँक यू, बाबा,” तो म्हणाला. “जाईन मी.”

इतकं सोपं होतं तर! गिरीशना एकदम हलकं वाटलं. एवढ्या चांगल्या माणसांना आपण उगाच बांधून ठेवलं. आता त्यांना भीतीही वाटत नव्हती.

सारा खुर्ची सरकवून त्यांच्या शेजारी येऊन बसली. तिने त्यांच्या वाटीत श्रीखंड वाढलं आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

“तुम्ही मला दर संडेला असंच सोडता, आजोबा,” ती म्हणाली. “आणि मी दर संडेला सांगते, केशिग रात्री खानाच्या दारात पहारा पण देतात.”