लांब पल्ल्याचा माईक

‘वहिनी, आता म्हणा!’ रूपरावानं देवळाच्या पायरीवरून हात हलवला.

कोकिळेनं विहिरीजवळ उभं राहून काकड्याची एक ओळ म्हटली. हातात माईक होता, पण त्याला वायर नव्हती. तरी देवळावरच्या कर्ण्यातून तिचाच आवाज आला. तिच्या अंगावर काटा उभा राहिला. देवाची लीला, दुसरं काय!

सिंदीच्या लाऊडस्पीकरवाल्या श्रावणानं नागपूरहून दोन बिनतारी माईक आणले होते. कार्तिकाचा काकडा तोंडावर आला होता, आणि गावात काकडा म्हणजे कोकिळेचा गळा. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी बाई. नवरा गेल्यापासून ती धाकट्या दिराच्या, रूपरावाच्याच घरी राहत होती. भजनी मंडळही रूपरावच चालवायचा.

पहिला माईक गोड होता, पण विहिरीच्या पलीकडे नुसती खरखर. तिनं परत येऊन तो ओट्यावर ठेवला. श्रावणानं तो रुमालात धरून उचलला आणि दुसरा ठेवला. हा जरा किनरा, पण लांब पल्ल्याचा.

‘भाऊजी, पहिलाच घ्या ना. भजनाले गोडवा पाहिजे.’

‘गोडव्याचं काय घेऊन बसल्या, वहिनी? आवाज लांबून आला पाहिजे. जा, मांगं मांगं जा.’

ती निघाली. देवाला पाठ दाखवायची नाही म्हणून तोंड देवळाकडे ठेवून, गात गात, उलट्या पावलांनी.

‘अवो कोकिळाबाई, आता पार आंजी गावाले जाऊन गाता का काय!’ अनुसयाबाई ओरडली. बाया हसल्या. हसू लगेच विझलं.

मागच्या एकादशीला आरतीतला जळता कापूर कोकिळेच्या बोटावर पडला होता. कातडी करपली, वास सुटला, तरी ती गातच राहिली. ‘देवानंच झेललं माय, चटकाबी नाई लागला,’ ती म्हणाली. बायांनी तिचे पाय धरले. मग वर्ध्याच्या डॉक्टरांनी ते बोट पाहिलं, कोपरावरचा बधिर चट्टा पाहिला. गोळ्या दिल्या. नेमानं घ्या, बरं होतं, गोळ्या सुरू असल्या की कोणाला लागत नाही, असं सांगितलं. तिनं घरी येऊन ते जसंच्या तसं रूपरावाला सांगितलं. लपवायचं काय त्यात? त्यानंतर तिच्या हातचा प्रसाद ताटात उरू लागला. तिला वाटलं, थंडी पडली, लोक लवकर घरी जातात.

वायर नाही, म्हणजे यंदा मागं बसणाऱ्या म्हाताऱ्यांमधून फिरत गाता येईल. त्या आनंदात ती मागं सरकत होती.

‘अजून,’ देवळातला जुना, वायरचा माईक धरून रूपराव कर्ण्यातून म्हणायचा. ‘अजून.’

कडुनिंब गेला. नाल्याच्या पाण्यात पाय पडले. ती पलीकडच्या काठावर चढली, आणि तिची पाठ कशाला तरी टेकली.

तिनं वळून पाहिलं. ढोरांचा जुना कोठा. पण आतून ताजा सारवलेला. कोपऱ्यात तिचं अंथरूण. तिचा तांब्या. खुंटीला कंदील, आणि खाली फडक्यात नीट बांधलेल्या तिच्या गोळ्या.

‘बस, वहिनी, तिथंच थांबा,’ कर्णा बोलला. ‘तिथून बराबर येऊन राह्यला आवाज. काकडा तिथूनच म्हणजा.’

देवळापुढं अनुसयाबाई मातीत बोटानं रेघा ओढत होती. कर्ण्यातून आता फक्त कोकिळेचा श्वास ऐकू येत होता. आत, बाहेर. आत, बाहेर.

मग ती बोलली, नेहमीच्याच हळू आवाजात.

‘भाऊजी, माझी तुळस तेवढी इकडं पाठवून देजा.’

एकही शब्द तुटला नाही.