वॉलची चावी

गोपीचंद पाण्याच्या वॉलच्या खड्ड्यावर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला होता आणि उठायचा त्याचा काही विचार दिसत नव्हता.

त्याच्यासमोर मुख्याधिकारी ओमप्रकाश उभा होता. हातात वॉल फिरवायची लोखंडी चावी, छातीपर्यंत येणारी, वर आडवी मूठ. एरवी ती सुग्रीवच्या खांद्यावर असायची. सुग्रीव नगरपरिषदेचा वॉलमन. काल संध्याकाळी तो हाच वॉल बंद करायला आला आणि गोपीचंदच्या माणसांनी त्याचं डोकं फोडलं. आज चावीला हात लावायला कोणी तयार होईना. एकाची पाठ धरली, दुसऱ्याच्या सासऱ्याची तब्येत एकाएकी बिघडली. शेवटी साहेबांनीच चावी उचलली.

येलदरी धरणाचं पाणी गावापर्यंत येतच होतं. पण खालच्या गल्लीचा वॉल बंद केल्याशिवाय ते टेकडीवर चढत नाही, आणि खालची गल्ली नगरसेवकाची. गोपीचंद त्याचा सख्खा भाऊ. टेकडीवरच्या नळांना पंधरवड्यात थेंब आला नव्हता. तिथल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन साहेबांच्या मागे उभ्या होत्या, सगळ्यांत पुढे धुरपताबाई. ही म्हातारी महिन्यापूर्वी हातात दगड घेऊन नगरपरिषदेत शिरली होती. ओमप्रकाशने तिला खुर्ची दिली, चहा पाजला आणि समजावलं, आजी, कायदा हातात घ्यायचा नाही, अर्ज द्या, मी बसलोय ना इथे. म्हातारीने दगड दाराबाहेर ठेवला आणि अर्जावर अंगठा उठवला. मग दुसऱ्या अर्जावर. मग तिसऱ्या.

गोपीचंदच्या दारात नळी सोडलेली होती. जीपची चाकं धुऊन पाणी गटारात चाललं होतं.

"उठा," ओमप्रकाश म्हणाला.

"घरी पाव्हणे हायेत साहेब. आज वॉल चालूच ऱ्हाईल."

"गुन्हा दाखल करीन."

"काल केलाव की. काय झालं?" गोपीचंदने पिचकारी टाकली. ती ओमप्रकाशच्या बुटावर पडली. "तुमी पेपर लिवून आलाव. आमी निवडून आलोत."

निवडून भाऊ आला होता, पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती. ओमप्रकाशने खुर्चीचा हात धरून ती ओढली. गोपीचंद उठला आणि त्याने साहेबांच्या कानाखाली वाजवली. चष्मा उडून रस्त्यावर पडला. बघ्यांतला कोणीतरी खिदळला. दोघातिघांचे मोबाइल वर झाले. बंदोबस्ताला आलेला हवालदार पानटपरीवर सुट्टे पैसे मोजत राहिला. गोपीचंदने चष्म्यावर पाय दिला, ओमप्रकाशची कॉलर धरली आणि दुसरी ठेवून दिली.

"आता त्या म्हातारीला सांगा, म्हणावं बदली झाली माजी."

चावी वर कधी गेली ते मला कळलंच नाही, असं ओमप्रकाश पुढे पोलिसांना सांगणार होता. ते खोटं होतं. त्याला सगळं कळत होतं. चष्म्याविनाही गोपीचंदचा गुडघा त्याला नीट दिसला. त्याने नेम धरला आणि मारलं.

सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. गोपीचंद खाली बसला, ओरडला, हात आडवा केला. दुसरा घाव त्या हातावर बसला. तिसऱ्याची काही गरज नव्हती. तोवर गोपीचंदची माणसं मागे सरली होती, मोबाइल खाली आले होते. तरी ओमप्रकाशने तिसरा मारला, खांद्यावर, दोन्ही हातांनी. या गावात आल्यापासून पहिल्यांदाच आपण काहीतरी काम केलं असं त्याला वाटलं.

गोपीचंदची आई घरातून धावत आली आणि लेकाच्या अंगावर आडवी पडली. "मारू नका साहेब, पाया पडते, बंद करा तुमचा वॉल!"

ओमप्रकाशने पायाने खुर्ची बाजूला केली. झाकण उचललं, चावी खड्ड्यात उतरवली आणि फिरवायला लागला. गोपीचंदच्या रक्ताने मूठ हातातून निसटत होती. त्याने शर्टाला तळवे पुसले आणि पुन्हा फिरवली. गोपीचंदच्या दारातली नळी दोनदा फुरफुरली आणि बंद पडली.

थोड्या वेळाने टेकडीवरून आरोळी आली, "आलं! आलं रे!" बाया घागरी सावरत चढणीला पळाल्या. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. गोपीचंदला जीपमध्ये घालून नेलं. हवालदार आला, त्याने साहेबांकडे पाहिलं आणि फोन लावत जरा लांब जाऊन उभा राहिला.

ओमप्रकाश गोपीचंदच्याच खुर्चीवर बसला. तळव्यांवरचं रक्त वाळत आलं होतं. नोकरी जाईल, अटक होईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पण भीती त्याची वाटत नव्हती. तिसरा घाव घालताना किती बरं वाटलं, त्याची वाटत होती.

धुरपताबाई एकटी परत खाली आली. कमरेवर घागर, भरलेली. तिने ती तिरकी केली.

"धुवा हात."

त्याने हात पुढे केले. पाणी लाल होऊन गटाराकडे गेलं.

"आजी, चुकलं माझं," तो म्हणाला.

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तिला खरंच कळत नव्हतं.

"आवो साहेब, हेच करायचं व्हतं, तर दगड मी पयल्याच दिवशी आणला व्हता की. मंग ते अर्ज कामून करायला लावले?"