परतीची घरघर

वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर, वाळूवरून वेगाचा विक्रम करायला निघालेल्या लेस्टरची गाडी सुसाट गेली. तिला महायुद्धातल्या विमानाचं इंजिन बसवलं होतं.

"झाला विक्रम. आता तरी चहा ओता, इडवलकाका. गारठलोय," मी म्हणालो.

"परतीची धाव झाल्याशिवाय विक्रम धरत नाहीत." म्हातारा मेकॅनिक किटली धरून बसला. "युद्धात हीच इंजिनं माझ्याकडे होती. परतणाऱ्या विमानाची घरघर ऐकली, की पायलटचा चहा ओतायचो. एका सकाळी किटली तशीच निवली."

लांबून घरघर आली. काकांनी ओतायला घेतलं. गाडी थांबताच सगळे वेळ विचारायला धावले.

"काका, वेळ किती लागला ते ऐकायचं नाही?"

"आला ना परत?" काकांनी भरलेला कप माझ्या हातात दिला. "साखर किती घेतो, तेवढं विचार त्याला."