चाळीस दिवसांचं ताक

"ऑपरेशनला मी जात नाही. मला ताकच द्या, वैद्यबुवा," भिकाजीची बहीण म्हणाली. "दादाच्या पोटातली गाठ ताकाने गेली, मग माझ्या छातीतली का नाही जाणार?"

तीन वर्षांपूर्वी, अठ्ठावन्न साली, डॉक्टरांनी कॅन्सर म्हणून भिकाजीला घरी पाठवलं होतं. मी एका जुन्या पोथीत वाचून त्याला चाळीस दिवस नुसत्या ताकावर ठेवलं. तो बरा झाला. गावाने मला डोक्यावर घेतलं आणि मीही ते श्रेय नाकारलं नाही.

आज तो बहिणीशेजारीच बसला होता.

"भिकाजी, शपथेवर सांग. चाळीस दिवस दुसरं काहीच खाल्लं नाहीस?"

त्याने मान खाली घातली. "आठच दिवस प्यायलो. मग ताक म्हशीपुढे ओतायचो आणि बांगडे खायचो. तुम्ही रोज एवढ्या आशेने विचारायचात, सांगवलं नाही."

"मग गाठ गेली कशाने?" बहिणीचा आवाज चिरकला.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "पण ताकावर विसंबू नकोस."

ती उठेना.

"मला भीती वाटते. तुम्ही येता बरोबर इस्पितळात?"

मी खुंटीवरची टोपी काढली.