बिनआवाजाची पावलं

आवाज न करता पळण्यात ग्रंथपालबाईंचा फायदा होता रोख सात सेकंदांचा. गेल्या वर्षी त्या तेवढ्यानंच हरल्या होत्या. म्हणून तेराव्या किलोमीटरची पाटी मागे पडताच त्यांनी टाचा उचलल्या, तोंड मिटलं, आणि टपालवालीच्या मागे तीन पावलांवर त्या जवळजवळ नाहीशा झाल्या.

शर्यत एकवीस किलोमीटरची, पण रड शेवटच्या एका किलोमीटरची. दर वर्षी बाई तिथं जोर लावायच्या, पुढे पळणाऱ्या टपालवालीला पावलांची धपधप ऐकू यायची आणि ती सुसाट सुटायची. सलग सहा वर्षं टपालवाली पहिली, बाई दुसऱ्या. यंदा तर गुडघ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "एवढी एक पळा. पुढच्या वर्षी कडेला उभं राहून टाळ्या वाजवा." म्हणजे पहिलं यायचं तर आजच.

डाव साधा होता. सुरुवातीला नेहमीसारखं दणादण पळायचं. तेरापासून आवाज बंद. मागची गळाली असं वाटून टपालवाली निर्धास्त होईल, आणि विसाव्या किलोमीटरला बाई बाजूनं निघून जातील. ती भानावर येईतो काम फत्ते. त्यासाठी सहा महिने बाई चवड्यांवर पळत होत्या. दर किलोमीटरला टिवटिवणारं घड्याळ आज घरी ठेवलं होतं. दोन खोल्यांच्या घरात पलंगापासून ओट्यापर्यंत आवाज न करता चालायचाही सराव झाला होता. तसं तिथं आवाज करणारं दुसरं कुणी नव्हतंच. धाकटा भाऊ महिन्यातून एकदा यायचा, त्यानं हा प्रकार बघून हातच जोडले.

"तायडे, शर्यतीला निघालीस की घरफोडीला?"

"तू फक्त सतराव्या किलोमीटरला उभा राहा. आणि हाक मारलीस तर याद राख."

सगळं मनासारखं चाललं होतं. रस्ता कालव्याच्या कडेचा, ओस. बाकीच्या बायका बऱ्याच मागे. ऊन समोरून, त्यामुळे सावलीही चुगली करणार नव्हती. आणि टपालवाली मागे बघणाऱ्यातली नव्हेच. मागे बघितलं की मागचीला कळतं, पुढची घाबरली. सहा वर्षांत बाईंनी तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. पाठ मात्र पाठ होती. डावा खांदा किंचित खाली, रोज थैली वाहून वाहून उतरलेला.

पंधराव्याला टपालवाली मंदावली. झाली निर्धास्त, बाईंनी मनात म्हटलं. सोळाव्याला ती आणखी मंदावली. आता हे जरा जास्तच झालं. दम राखून ठेवतेय लबाड! मला पुढे काढणार आणि माझ्याच मागे लपून शेवटी उडी घेणार. बाई काही काल शर्यतीत आल्या नव्हत्या. त्यांनीही वेग कमी केला. तीन पावलं म्हणजे तीन पावलं.

सतराव्याला भाऊ उभा होता, ओठ घट्ट मिटून. त्यानं डोळे मोठे केले आणि एक बोट वर केलं. गेल्या वर्षीपेक्षा एक मिनिट वाया गेलं, असं त्या बिचाऱ्याला सांगायचं होतं. पहिला नंबर तुझाच, असं बाईंनी वाचलं, आणि त्या गालातल्या गालात हसल्या.

अठरा गेला. एकोणीस गेला. दोघी आता अशा पळत होत्या, जणू कुणाला सोडायला निघाल्यात आणि गाडीला अजून वेळ आहे.

विसाव्याची पाटी दिसली आणि मागून पावलं वाजली. धप, धप, धप. टपालवालीचा उतरलेला खांदा एकदम वर आला. मान न वळवता ती मोठ्यानं बोलली, आणि जीव भांड्यात पडल्यासारखी हसली.

"आलात एकदाच्या! किती वाट बघायची, बाई, माणसानं?"

बाजूनं कॉलेजातली एक मुलगी निघून गेली, कानांत गाणी घालून. तिनं काही ऐकलं नाही. ऐकलं ते बाईंनी, तीन पावलांवरून.

मग सहा वर्षांत पहिल्यांदा टपालवालीनं मागे वळून पाहिलं. बाई होत्या. तोंड मिटून, चवड्यांवर. तिचा चेहरा आधी उजळला, मग त्याला काही कळेनासं झालं. तेवढ्यात बाईंचे पाय, ठरवलेलं असल्यामुळे, आपणहून सुटले. टपालवाली मागे पडली. मुलगी मात्र हाती लागली नाही.

रेषेपलीकडे, पाण्याच्या टेबलाशी, टपालवालीनं भरलेला पेला बाईंपुढे धरला.

"मी घड्याळ लावतच नाही हो. तुमच्या पावलांवर पळते. आज तेरानंतर ती वाजेनात. म्हटलं, मागे राहिल्यात, येऊ देत सावकाश. एकटीनं पुढे जाऊन काय करायचंय?" पेला बाईंच्या हातात देऊन तिनं विचारलं, "होतात कुठे तुम्ही?"

बाई पाणी प्यायल्या. पेला रिकामा झाला तरी तो त्यांनी तोंडापासून काढला नाही.

मुलगी अठरा सेकंदांनी जिंकली. बाई दुसऱ्या, दर वर्षीसारख्या. त्यांचं गेलं काहीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सात किलोमीटर त्यांची वाट पाहिली होती, आणि त्याची किंमत, गेल्या वर्षीपेक्षा जास्तीची दोन मिनिटं वीस सेकंदं आणि पहिला नंबर, टपालवालीनं एकटीनं भरली होती.