गालावरचा डाग

चित्रातल्या डाव्या गालावरचा तपकिरी डाग काही केल्या निघत नव्हता. जुनी चित्रं स्वच्छ करणाऱ्या शर्वाणीने औषधात भिजवलेला कापसाचा बोळा आणखी जरा दाबून फिरवला आणि गाल उजळला. दीडशे वर्षांपूर्वीच्या या अमेरिकन चित्रकाराने स्वतःची तीन चित्रं काढली होती. दोन आगीत जळाली. अमेरिकेतल्या या संग्रहालयाकडे उरलं ते हेच.

दुपारी चित्रकाराची म्हातारी पणती आली, नातीला घेऊन. मुलीने डावा गाल केसांनी झाकला होता.

“दाखव ना यांना,” म्हणत आजीने केस बाजूला केले. गालावर जन्माचा तपकिरी डाग होता. “शाळेत चिडवतात हो हिला. म्हटलं, चल, आपल्या पूर्वजांचा गाल बघ. अस्साच डाग! माझी आई सांगायची, तिन्ही चित्रांत त्यांनी तो मुद्दाम रंगवला होता.”

शर्वाणीने बोळ्यांची टोपली पायानेच टेबलाखाली सरकवली. ‘तो मी पुसला’ म्हणायला तिने तोंड उघडलं.

मुलगी एव्हाना चित्रासमोर उभी होती. तिने बराच वेळ निरखून पाहिलं.

“आजी, यांनीपण लपवलाय गं,” म्हणत तिने केस पुन्हा गालावर ओढून घेतले.