उखडलेला उंबरठा

उंबरठा पुन्हा उखडलेला होता.

सहदेव परब धापा टाकत दारात उभा राहिला आणि बघतच राहिला. मागच्या रविवारी त्याने गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून काळा ग्रॅनाइट बसवून घेतला होता. आता तोच दगड आत भिंतीला टेकवून ठेवलेला, तोही पुसूनबिसून. वर कागदाची पुडी, आणि पुडीत आईने उंबरठ्याखाली ठेवायला दिलेलं चांदीचं नाणं. कुणी नाणं चोरलं असतं तर तेही त्याला समजण्यासारखं होतं. हा असला सभ्यपणा त्याला सोसेना.

ही तिसरी खेप होती.

बोरिवलीचं हे घर त्याने पाच वर्षांपूर्वी कागदावर घेतलं. कागदावर पोहायचा तलाव होता, बाग होती, अपशकुन नको म्हणून बारानंतर थेट चौदावा मजला होता आणि ताबा दोन वर्षांत होता. तलावाच्या जागी अजून सळ्यांचा ढीग पडला होता. तोवर जोगेश्वरीत भाड्याची तीन घरं बदलून झाली. इमारत उभी राहीपर्यंत घर घेणाऱ्याच्या वाट्याला काय येतं असं कुणी विचारलं असतं, तर सहदेवने एकाच शब्दात सांगितलं असतं. घोर.

म्हणून तो दर रविवारी यायचा. हेल्मेट चढवायचं, वहीत सही ठोकायची आणि जिन्याने वर जायचं, एकेक मजला स्वतः मोजत. चौदा मजले, कोपऱ्यातलं चौथं दार. बिल्डरच्या माणसांनी काही दाखवावं आणि आपण मान डोलवावी, हा त्याचा स्वभावच नव्हता.

आणि तरीही कुणीतरी त्याच्या घरात हात घालत होतं. विजेची बटणं पार कमरेखाली आणली होती. त्याने ती वर घेऊन घेतली, तर पुढच्या खेपेला पुन्हा खाली.

साइट इंजिनिअर ऋतिका खाली भेटली. "मॅडम, माझ्या घरात कोण घुसतंय?"

"सर, तुमचा मेल आल्यावर मी स्वतः वर जाऊन बघितलं. तुमच्या फ्लॅटला कुणी हातपण लावलेला नाहीये."

"म्हणजे मी खोटं बोलतोय? चला ना, आत्ता दाखवतो."

तेवढ्यात काँक्रीटची गाडी आली आणि ऋतिका फोन कानाला लावून पळाली. धडधडीत खोटं बोलतात आणि वर 'सर' म्हणतात, सहदेव मनात चरफडला.

ऑफिसातल्या हर्षदने ऐकून घेतलं आणि निकालच लावला. "एकच फ्लॅट दोघांना विकलाय रे. वाट लागली तुझी."

त्या रात्री सहदेवने करारनामा दोनदा वाचून काढला. कणकवलीहून आईचा फोन आला. "उंबरो बसलो मां? उंबरो नाय ता घर कसला रे?" बसला, असं तो खोटंच म्हणाला.

पुढच्या रविवारी तो करारनामा पिशवीत घालून सकाळीच हजर झाला. नवी लिफ्ट त्याच दिवशी सुरू झाली होती. तो जिन्यानेच गेला, मजले मोजत. सीताराम गवंड्याकडून उंबरठा चौथ्यांदा बसवून घेतला, खाली नाणं घातलं, कुंकू वाहिलं.

सीताराम थापी धुताना पुटपुटला, "साहेब, तुम्ही बसवता, ते काढायला लावतात. समोर उभं राहून जो सांगेल त्याचं मी ऐकतो. पण एकदा दोघं मिळून ठरवा ना."

"ते कोण?"

"म्हातारे काका आहेत एक. येतीलच."

हर्षदचं खरं निघालं. सहदेव दाराच्या आत पाय रोवून उभा राहिला.

लिफ्टचं दार उघडलं. सत्तरीचा एक माणूस चाकाची खुर्ची ढकलत आला. खुर्चीत नवं लुगडं नेसलेली बाई होती, मांडीवर पेढ्यांचा पुडा.

"डोळे उघड सुंदरा, आलं बघ आपलं घर," म्हातारा म्हणाला.

चाकं उंबरठ्याला धडकली. पेढ्यांचा पुडा खाली पडला.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "परत बसवला?"

"मी बसवला," सहदेव म्हणाला. "घर माझं आहे, काका. करारनामा आहे माझ्याकडे."

"असं कसं? आमचापण आहे. प्रबुद्धकडे आहेत कागद, मुलाकडे. खाली गाडी लावतोय तो."

"मग फसवलंय आपल्या दोघांना."

म्हातारा मटकन जिन्याच्या पायरीवर बसला. आयुष्यभर बेस्टची बस हाकली त्यावर घर घेतलं, एवढंच बोलला. सहदेवला त्याची दया आली आणि त्याहून जास्त भीती वाटली. दया आली म्हणून कुणी घर सोडत नाही. तो उंबरठ्याच्या आत होता, ती दोघं बाहेर होती, आणि त्याला तसंच राहायचं होतं.

बाई त्याच्याकडे बघत होती. "ते नाणं तुमचं होय? मीच ह्यांना म्हटलं, पुडीत बांधून ठेवा, कुणाच्या तरी आईनं दिलेलं असेल." तिने चाकावरून हात काढला. "उंबरठा चांगलाय हो, बाळा. पण मला ओलांडता येत नाही."

पॅसेजमध्ये पेंटर पत्र्याचे साचे घेऊन दारोदार आकडे छापत येत होता. सहदेवला तेवढाच आधार सापडला.

"ए, इकडे ये. आधी माझा नंबर टाक, यांच्यासमोर," त्याने करारनामा उघडून धरला. "हा बघ. १४०४."

पेंटरने कागद बघितला, हातातली यादी बघितली आणि एकदा सहदेवकडे बघितलं. मग त्याने दाराशेजारी साचा धरला, ब्रश फिरवला आणि पत्रा उचलला.

१५०४.